थराआडचे जंतू

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून बोदलकसाचा तलाव आहे. पाळ शंभर वर्षांहून जुनी, भोवती डोंगर आणि झाडी. पाणी जिथे दगडांना टेकतं, तिथल्या कोणत्याही दगडावर पाय ठेवून पाहा, तो घसरेल. दगडावर एक बुळबुळीत थर बसलेला असतो. त्यात जिवाणू असतात, शेवाळ असतं आणि या सगळ्यांनी आपल्याभोवती पाझरून ठेवलेला चिकट पदार्थ असतो. वर्षानुवर्षं लाटा आपटतात, पावसाळ्यात पाणी चढतं-उतरतं, तरी तो थर हटत नाही. नखाने किंवा दगडाने खरवडला तरच निघतो. विज्ञानात त्याला बायोफिल्म म्हणतात. सकाळी उठल्यावर दातांच्या मुळाशी जीभ फिरवली की जो खरखरीत, चिकट थर लागतो तोही बायोफिल्मच. दोन्हीकडची वस्ती वेगळी, पण राहण्याची रीत एक. हिरड्यांच्या आजारावर औषध कुठे चालतं आणि कुठे हात टेकतं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या थरापासून करावी लागते.

हा थर पहिल्यांदा पाहिला तो डेल्फ्ट गावच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने. अँटनी व्हान लेव्हेनहूक स्वतःच्या हाताने भिंगं घासायचा. १६८३ च्या सप्टेंबरात, म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराजांचं राज्य चालू असताना, त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र पाठवलं. स्वतःच्या दातांच्या फटीत साचलेला पिठासारखा पांढरा मळ त्याने भिंगाखाली धरला होता आणि त्यात असंख्य जीव सुळसुळताना पाहिले होते. इथवरची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत असते. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. लेव्हेनहूकने त्या जिवांवर व्हिनेगर घालून पाहिलं. मळ बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवला की जीव मरत. व्हिनेगरने नुसती चूळ भरली, तर मात्र थराच्या बाहेरच्या अंगाचे तेवढे मरत आणि आतले जिवंत राहत. जंतुनाशक आतपर्यंत पोचत नाही, हे त्याने तेव्हाच नोंदवून ठेवलं. प्रतिजैविकं यायला अजून अडीच शतकं होती, आणि त्यांची मर्यादा आधीच लिहिली गेली होती.

आज तिची कारणं सांगता येतात. थरातले जंतू एका चिकट जाळ्यात रुतलेले असतात, त्यामुळे औषध झिरपायला वेळ लागतो. खोलवरच्या जंतूंना अन्न कमी मिळतं, म्हणून ते वाढायचं थांबवून पडून राहतात. पेनिसिलिनसारखी औषधं मारतात ती वाढत्या जंतूंना. निपचित पडलेला जंतू त्यांच्या तावडीत सापडत नाही. काही जंतू औषध फोडणारी विकरं सोडतात आणि त्या विकरांचा आसरा शेजारच्या दुबळ्या जंतूंनाही मिळतो. प्रयोगशाळेत सुटा तरंगणारा जंतू जेवढ्या औषधाने मरतो, त्याच्या शंभर ते हजारपट औषध त्याच जंतूला थरात मारायला लागल्याच्या नोंदी आहेत. तेवढं औषध माणसाच्या रक्तात चढवणं शक्य नाही.

हा थर दोन-चार आठवडे दातावर तसाच राहिला तर काय होतं, हे १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूसच्या दंत महाविद्यालयात हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा दिवस ते तीन आठवडे एवढ्या काळात बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावलं, आणि काही दिवसांत सूज उतरली. ना गोळी, ना इंजेक्शन. हिरड्यांतून रक्त येण्याची पहिली पायरी ही अशी आहे. ती पूर्ण परतवता येते आणि त्यासाठी औषध लागत नाही. ब्रश करताना रक्त आलं की बरेच जण तेवढी जागा घासायची सोडून देतात. दुखऱ्या जागेला हात लावू नये ही समजूत इथे घात करते, कारण रक्त येणाऱ्या जागेलाच घासण्याची जास्त गरज असते.

दुसरी पायरी परतत नाही. थरात लाळेतले क्षार बसून त्याचं कडक किटण होतं. ते ब्रशने निघत नाही. हिरडी दातापासून सुटू लागते आणि मधे खाच तयार होते. निरोगी हिरडीची खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते. ती पाच, सहा, आठ मिलिमीटरपर्यंत गेली की तळाशी हवा पोचत नाही आणि प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंची तिथे भरभराट होते. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध. त्यांना परतवण्यासाठी शरीर पांढऱ्या पेशींची फौज धाडतं. फौज महिनोन्‌महिने तिथेच अडकते आणि तिच्या विकरांनी दाताला धरून ठेवणारे तंतू व हाड झिजतं. म्हणजे हाड खाण्याचं बरंचसं काम शरीरच करतं, जंतू त्याला चिथावणी देतात. आपल्याकडे यालाच पायरिया म्हणतात. गेलेलं हाड आपसूक भरून येत नाही.

मात्र प्रत्येकाचा पायरिया सारख्या वेगाने पळत नाही. ल्यो यांनीच श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० तमिळ मजुरांकडे १९७० पासून पंधरा वर्षं लक्ष ठेवलं. या पुरुषांना दंतवैद्य ठाऊक नव्हता, ब्रश ठाऊक नव्हता, दातांवर किटणाचे थर होते. त्यांतल्या ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळपास सगळे दात गेले. ८१ टक्क्यांचा आजार मध्यम गतीने सरकत राहिला. ११ टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या, पण हाड शाबूत होतं. सगळ्यांच्या तोंडात तीच घाण, तरी निकाल इतका वेगळा. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या सरसकट सगळ्यांना प्रतिजैविक देणं चुकीचं का, याचं उत्तर मला या मजुरांच्या आकड्यांत दिसतं. औषधाची खरी गरज ज्यांना असू शकते तो गट लहान आहे. तो ओळखून काढावा लागतो.

बोदलकसा परिसरात ही ओळख पटवणं आणखी अवघड होतं, कारण इथल्या तोंडांत तंबाखू आहे. खर्रा म्हणजे सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला ऐवज. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात तो पानठेल्यावर मागाल तेव्हा घोटून मिळतो. बाया नस म्हणजे तंबाखूची पूड घासतात, गुडाखू लावतात. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा लगदा. बोटाने हिरडीवर चोळला की थोडा वेळ ठणका कमी वाटतो, आणि तेवढ्यावरून तो दातांचं औषध ठरतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २४.४ टक्के प्रौढ माणसं बिनधुराची तंबाखू वापरत होती. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. खर्रा जागच्या जागी तयार होतो, त्यामुळे त्याला आवरणं फार कठीण जातं. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून चाललेलं ‘मुक्तिपथ’ हे दारू आणि तंबाखूमुक्तीचं काम त्यासाठीच गावागावांत उभं राहिलं.

तंबाखू हिरडीचं दोन तऱ्हांनी नुकसान करते. खर्र्याचा घास जिथे धरला जातो, बहुधा खालच्या ओठामागे किंवा गालात, तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. विडी ओढणाऱ्यांत आणखी एक धोका असतो. धुराने हिरडीच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो आणि रक्त कमी येतं. हिरडी वरून फिकट, घट्ट, ठीकठाक दिसते आणि आत हाड झिजत राहतं. रक्त ही आजाराची हाक आहे, ती हाकच इथे दाबली जाते. सुपारीने गालाच्या आतला भाग ताठ होत जातो आणि तोंड उघडेनासं होतं. दोन बोटंसुद्धा आत जात नसतील, तर मागच्या दाढा साफ कोण करणार, कशाने करणार? तंबाखू चालू असलेल्या तोंडात औषधाचा परिणामही कमी दिसतो. हा अनुभव जगभर इतका सारखा आहे, की २०१७ च्या जागतिक परिषदेत ठरलेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गीकरणात दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्या रुग्णाचा आजार आपोआप वेगवान गटात धरला जातो. ७ टक्के किंवा त्याहून जास्त एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेचं सरासरी माप) असलेल्या मधुमेह्यालाही तोच नियम आहे.

गाल सुजला, दात ठणकू लागला की माणूस औषधाच्या दुकानात जातो. “हिरडी फुगली, गोळी द्या जी,” एवढंच तो म्हणतो. धानाची रोवणी चालू असते, तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, दिवस मोडून तिरोड्याला किंवा गोंदियाला जाणं परवडत नाही. दुकानदार दोन-तीन दिवसांच्या गोळ्या कापून देतो. ठणका उतरतो आणि माणूस कामाला लागतो. दोन-तीन महिन्यांनी तीच दाढ पुन्हा सुजते. या माणसाला मी दोष देणार नाही. त्याला आराम खरोखर पडतो. थराबाहेर निसटलेले जंतू गोळीने मरतात, सूज उतरते. थर मात्र जागेवर असतो आणि त्यातून वस्ती पुन्हा भरते. दरवेळी आतडी, घसा, त्वचा इथले निरुपद्रवी जंतूही त्या औषधाला सरावत जातात, आणि हा सराव ते पुढे घातक जंतूंच्या हवाली करू शकतात. अमॉक्सिसिलिन काय किंवा मेट्रोनिडाझोल काय, कायद्याने चिठ्ठीशिवाय विकायची औषधं नाहीत. प्रतिजैविकांच्या पाकिटावरच्या लाल उभ्या रेघेचा अर्थ लोकांना कळावा म्हणून केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीमही काढली होती.

दुकानात हिरडीसाठी बऱ्याचदा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांची जोडगोळी हातात पडते. तिच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. ऑफ्लॉक्सासिन ज्या कुळातलं आहे, त्या कुळातली औषधं क्षयरोगावर वापरली जातात. ज्याला क्षय आहे पण अजून कळलेलं नाही, अशा माणसाला दाढेसाठी ही गोळी चार-आठ दिवस मिळाली तर खोकला तात्पुरता दबतो, निदान लांबतं आणि क्षयाचे जंतू त्या औषधाला निर्ढावू शकतात. क्षय अजून गावागावांत असताना दाढेसाठी हे औषध सहज देणं मला धोक्याचं वाटतं.

असं असलं तरी हिरड्यांच्या आजारात प्रतिजैविकांचं काहीच काम नाही असं कुणी म्हणू नये. मेट्रोनिडाझोलचा शोधच एका अर्थी हिरडीने पुरा केला. १९५० च्या दशकात जपानमध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून अ‍ॅझोमायसिन नावाचं द्रव्य सापडलं. त्याच्या आधाराने फ्रान्सच्या रोन-पुलेंक कंपनीने मेट्रोनिडाझोल तयार केलं, तेही स्त्रियांच्या योनिमार्गातल्या ट्रायकोमोनास या एकपेशीय जिवावर. ते जिवाणूंवर चालतं याचा कुणाला अंदाज नव्हता. मग १९६२ साली शिन नावाच्या ब्रिटिश दंतवैद्याने ‘लॅन्सेट’मध्ये कळवलं, की ट्रायकोमोनाससाठी हे औषध घेणाऱ्या एका बाईच्या हिरड्यांचे व्रणही त्याच वेळी बरे झाले. एका औषधाने दोन दुखणी गेली. तिच्या हिरडीचा आजार प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंचा होता. मेट्रोनिडाझोल अशाच जंतूंच्या पेशीत गेल्यावर जागं होतं आणि त्यांचा डीएनए तोडतं, जिथे प्राणवायू आहे तिथे ते निष्क्रिय राहतं. पुढे पोटाच्या शस्त्रक्रियांपासून मेंदूतल्या गळूपर्यंत या औषधाने किती जीव वाचवले याला गणती नाही, आणि ती वाट एका दंतवैद्याच्या नजरेने उघडली.

शिन यांनी पाहिलेला आजार पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना व्हायचा. हिरड्यांची दोन दातांमधली टोकं कुरतडल्यासारखी होतात, वर राखाडी पापुद्रा धरतो, असह्य दुखतं, तोंडाला सडका वास मारतो, कधी ताप येतो. कुपोषण, झोपेची वाण, मानसिक ताण आणि तंबाखू एकत्र आले की तो उद्भवतो. हलक्या हाताने सफाई आणि ताप किंवा गाठी असतील तर थोड्या दिवसांचं मेट्रोनिडाझोल, एवढ्यावर दोन-तीन दिवसांत रुग्णाला जेवता येऊ लागतं. इथे या औषधाला तोड नाही. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत, अशा रुग्णांना पेनिसिलिनच्या चघळायच्या गोळ्या देत. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्याने १९५५ पासून देशाला पेनिसिलिन पुरवायला सुरुवात केली तो हाच काळ. तोंडात चघळलेल्या पेनिसिलिनने अनेकांना अ‍ॅलर्जी जडू लागली, तेव्हा ती पद्धत मागे पडली.

दुसरा लहान गट तरुणांचा. पंधरा-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, दातांवर फारसं किटण नाही, तरी पहिल्या दाढा हलतात, पुढच्या दातांत फटी पडतात. घरचे उष्णतेला दोष देतात. या आजारात अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टर नावाचा एक जंतू पुष्कळदा सापडतो. तो पांढऱ्या पेशी मारणारं विष सोडतो आणि प्राणवायू असो-नसो, दोन्हीकडे जगतो. त्यामुळे एकटं मेट्रोनिडाझोल त्याला पुरत नाही. १९८९ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हान विंकेलहॉफ यांनी मेट्रोनिडाझोलला अमॉक्सिसिलिनची जोड दिली, आणि सफाईनंतर हा जंतू बहुतेक रुग्णांच्या खाचांतून नाहीसा झाल्याचं दाखवलं. ही जोडी आजही टिकून आहे. पण ‘सफाईनंतर’ या अटीशिवाय तिला अर्थ नाही. २०२० साली युरोपच्या हिरडीतज्ज्ञ महासंघाने सगळा पुरावा चाळून मार्गदर्शिका काढली. तोंडी प्रतिजैविकं सरसकट देऊ नयेत, पुढे गेलेल्या आजाराच्या तरुण रुग्णांसारख्या निवडक ठिकाणी त्यांचा विचार करावा, असं तिचं म्हणणं आहे. बाकी रुग्णांत नुसत्या सफाईच्या तुलनेत खाचेची खोली जी जास्त भरून येते, ती मिलिमीटरच्या अंशात मोजावी लागते. एवढ्यासाठी जुलाब, तोंडातली धातूसारखी चव आणि जंतूंचा सराव पदरात घ्यायचा का, हा प्रश्न डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णापुरता सोडवायचा असतो.

मेट्रोनिडाझोल घेणाऱ्याला एक ताकीद हमखास मिळाली पाहिजे: या दिवसांत आणि नंतरचे दोन-तीन दिवस दारू घ्यायची नाही. मोहाची असो की दुकानातली. दोन्ही एकत्र आल्यावर चेहरा लाल होणं, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या अशा तक्रारींची नोंद आहे. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असणाऱ्यांनीही आधी सांगावं, कारण मेट्रोनिडाझोल तिचा जोर वाढवतं.

गुळण्यांच्या औषधाची कथा मलेरियाशी जोडलेली आहे. १९४० च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीचे रसायनतज्ज्ञ मलेरियावर औषध शोधत होते. त्यांना प्रोग्वानिल मिळालं, आणि त्याच कुळातून क्लोरहेक्झिडीन निघालं. मलेरियासाठी ते वापरलं गेलं नाही, पण जंतू मारण्यात ते जबर निघालं. १९५४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्वचा निर्जंतुक करायला, शस्त्रक्रियेआधी हात धुवायला ते रूढ झालं. १९७० साली ल्यो आणि शिऑट यांनी ०.२ टक्के क्लोरहेक्झिडीनच्या दिवसातून दोनदा गुळण्या करायला लावून पाहिलं, की दात न घासताही थर जवळजवळ धरतच नाही. याचं कारण त्याच्या चिकटपणात आहे. त्याच्या रेणूवर धन भार असतो. दात आणि गालाचा ऋणभारित पृष्ठभाग त्याला धरून ठेवतो आणि ते कित्येक तास हळूहळू सुटत राहतं.

पण ते नवा थर धरू देत नसलं, तरी जुना थर फोडत नाही. शिवाय गुळणी खाचेच्या तळापर्यंत जातच नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर ब्रश लावता येत नसेल, जबडा तारेने बांधला असेल, हिरडी फार दुखरी असेल, अशा दोन ते चार आठवड्यांसाठी ते उत्तम. वर्षभर वापरायची वस्तू ती नव्हे. दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा पिणाऱ्यांत ते लवकर पडतात, जिभेची चव बदलते. टूथपेस्टमधला फेस आणणारा पदार्थ त्याला निकामी करतो, म्हणून घासल्यावर अर्धा तास तरी थांबून गुळणी करावी. ही साधी गोष्ट बाटलीसोबत फार थोड्यांना सांगितली जाते.

औषध तळापर्यंत पोचवायचं तर ते तळाशीच ठेवावं, हा विचार अमेरिकेतल्या मॅक्स गुडसन यांनी १९७९ च्या सुमारास करून पाहिला. टेट्रासायक्लिन भरलेला बारीक धागा त्यांनी खाचेत ठेवला. पुढे क्लोरहेक्झिडीनची विरघळणारी चकती आली. जिलेटिनमध्ये अडीच मिलिग्रॅम औषध, पाच मिलिमीटर किंवा अधिक खोल खाचेत सरकवायची, आठवडा-दहा दिवसांत ती आपोआप विरघळते. रक्तात औषध जवळजवळ जात नाही, म्हणून शरीरातल्या इतर जंतूंना त्याची सवयही लागत नाही. सफाई करूनही दोन-चार जागा हट्टाने खोल राहिल्या असतील, तर हा मार्ग मला गोळीपेक्षा सरस वाटतो. तोंडभर खाचा असतील तर मात्र खर्च फार होतो.

टेट्रासायक्लिन कुळाची आणखी एक करामत न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकच्या लॉर्न गोलब यांनी १९८३ मध्ये उघड केली. मधुमेही उंदरांना मिनोसायक्लिन दिल्यावर हिरडीतले तंतू तोडणारं विकर मंदावलं, आणि हा परिणाम जंतू मरण्यावर अवलंबून नव्हता. त्यातून २० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा, काही महिने, हा उपचार निघाला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एवढ्या कमी मात्रेत ते जंतुनाशक उरत नाही, शरीराची अतिरेकी फौज तेवढी आवरतं. फायदा आहे पण माफक, म्हणून युरोपच्या मार्गदर्शिकेने तेही नेहमीसाठी सुचवलेलं नाही. नेहमीच्या जंतुनाशक मात्रेत डॉक्सिसायक्लिन घेताना दोन गोष्टी पाळाव्या लागतात. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत व्रण पडू शकतो. दुसरं, त्वचा उन्हाला हळवी होते. दिवसभर बांधीत वाकून परे लावणाऱ्या बाईला हे औषध देताना डॉक्टरांनी तिचं काम विचारायला हवं. गरोदर बायका आणि लहान मुलं यांना ते सहसा देत नाहीत, कारण बनत्या दातांना कायमचा डाग पडू शकतो.

जंगलाची औषधंही इथे आहेत. कडुनिंब, करंज, बाभूळ यांच्या काड्यांनी दात घासण्याची रीत जुनी आहे, आणि चावून कुंचा केलेली काडी नीट फिरवली तर थर निघतो. हिरडा, बेहडा, आवळा यांच्या त्रिफळ्याच्या गुळण्यांवर भारतात लहान-लहान चाचण्या झाल्या आहेत. थर आणि हिरडीची सूज कमी झाल्याचं त्यांत दिसलं, दातांवर डागही पडले नाहीत. त्या थोड्या माणसांवर आणि थोड्या दिवसांसाठी झाल्या आहेत, तरी घरच्या घरी करायला त्रिफळ्याच्या कोमट काढ्यात धोका काही नाही. किटण बसलेल्या, सहा मिलिमीटरच्या खाचेत मात्र काढाही पोचत नाही. मिठाचं पाणीही नाही, लवंगेचं तेलही नाही.

राहिली सफाई. दात साफ करून घेतले की ढिले होतात, ही भीती या भागात घरोघरी ऐकू येते. ढिले दात किटणाच्या कवचाने एकमेकांना बांधल्यासारखे असतात. कवच काढलं की त्यांचा खरा ढिलेपणा उघड होतो, आणि हिरडीची सूज उतरल्याने फटीही दिसतात. पुढच्या आठवड्यांत हिरडी पुन्हा आवळते. रुग्णाला हे आधी सांगितलं तर तो दुसऱ्या बैठकीला परत येतो. न सांगता केलं तर सगळ्या गावाला सांगतो की डॉक्टरने दात हलवून ठेवले.

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सकाचं पद असतं. गोंदियाला केटीएस सामान्य रुग्णालय आहे, आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय. तिरोड्याहून नागपूरची रेल्वे थेट आहे. मधुमेह असेल तर या फेरीचा खर्च दुहेरी वसूल होतो. हिरड्यांच्या उपचाराने तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतं, हे ३५ चाचण्या एकत्र करून २०२२ मध्ये पुन्हा तपासलं गेलं आहे. सिकलसेलच्या रुग्णांनीही हिरड्यांतला संसर्ग अंगावर काढू नये. या पट्ट्यात त्यांची संख्या मोठी आहे, आणि कोणताही संसर्ग दुखण्याचा झटका आणू शकतो. जबड्याखाली सूज उतरली, घोट गिळता येईना, जीभ वर ढकलल्यासारखी वाटू लागली, तर मात्र दंतवैद्याच्या वेळेची वाट न पाहता तडक मोठं रुग्णालय गाठायचं. ती सूज श्वास अडवू शकते, आणि तिथे प्रतिजैविक शिरेतून द्यावं लागतं.

एरवीचा क्रम असा असतो. आधी खाचा मोजतात, एक्स-रेमध्ये हाड पाहतात. मग एक-दोन बैठकींत किटण आणि मुळांवरचा थर खरवडून काढतात, दात कसे घासायचे ते आरशात दाखवतात, खर्र्याबद्दल बोलतात. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात. बहुतेक खाचा तोवर उथळ झालेल्या असतात. ज्या खोल राहिल्या, तिथे पुन्हा खरवडायचं, चकती ठेवायची, की हिरडी उघडून साफ करायची, हे तेव्हा ठरतं. तोंडी प्रतिजैविक द्यायचं ठरलं असेल, तर ते थर मोडून काढल्यावर लगेच सुरू होतं, ठरलेले दिवस चालतं आणि थांबतं. पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी एक फेरी. खर्रा सुटला असेल तर दोन फेऱ्यांतलं अंतर वाढवता येतं.